मल्लिनाथअप्पांनी निवडलेले सॉफ्टवेअर

ऐकून ऐकून गाणे बसवणाऱ्या माणसाने संगणकावरचे कोणते सॉफ्टवेअर वापरावे, या प्रश्नाचे उत्तर शोधण्यात मी गेल्या वर्षी दोन महिने घालवले. उत्तर मिळाले. ते मी सांगणार आहेच; परंतु त्याआधी मल्लिनाथअप्पांविषयी सांगणे भाग आहे. त्यांना वगळले तर ते उत्तर समजणार नाही, आणि खरे म्हणजे त्यांना वगळले असते तर हा प्रश्नच माझ्यापुढे आला नसता.

मल्लिनाथअप्पा शिंपीकाम करतात आणि आमच्या भजनी मंडळात पेटी वाजवतात. मी प्रथम त्यांच्या दुकानात लॅपटॉप उघडला, एक गाणे लावले आणि पडद्यावर आवाजाची ती काटेरी, कुठे फुगणारी, कुठे बारीक होणारी आकृती उमटली. तेव्हा त्यांनी गळ्यातली टेप काढून ती पडद्यावर आडवी धरली.

"साडेअकरा इंच," ते म्हणाले. "लिवा सर."

मी लिहिले. अडतीस वर्षे गणित शिकवल्यामुळे कोणी आकडा सांगितला की माझा हात आपोआप चालतो.

"हे मुखडा. दीड इंच. हितं बारीक झालंय, म्हंजे पेटीचा पीस. पाऊण. मंग अंतरा." एवढे बोलून त्यांनी कानावरचा चपटा खडू काढला आणि माझ्या लॅपटॉपच्या पडद्यावर चार उभ्या रेघा ओढल्या. माझा चेहरा पाहून म्हणाले, "कच्ची खूण हाय. झटकली की जाती."

मी त्यांना समजावले की ही आकृती हवी तशी लहानमोठी करता येते, आणि करूनही दाखवली. गाणे दोन्ही बाजूंनी पडद्याबाहेर गेले. खडूच्या रेघा मात्र जागच्या जागी राहिल्या. अप्पांनी चष्मा कपाळावर चढवला.

"धुतल्यावर वाढलं व्हय हे?"

अप्पांचे वय सत्तरीच्या अलीकडे आहे. नळदुर्गात किल्ल्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर त्यांचे दुकान आहे. दुकानाला नाव नाही. 'ट्रायलवाले अप्पा' म्हटले की कोणीही बोट दाखवतो. याचे कारण असे की, ट्रायल घेतल्याखेरीज ते कोणतेही कापड दुकानाबाहेर जाऊ देत नाहीत. सदरा, विजार, पोलके यांचे समजू शकते. परंतु माझ्या पत्नीने उशांचे अभ्रे शिवायला टाकले, तेव्हा अप्पांनी निरोप पाठवला की उशा घेऊन या. पत्नीने दोन्ही उशा नेल्या. एक अभ्रा बसला. दुसऱ्याविषयी अप्पांचे मत असे पडले की, अभ्रा बरोबर आहे, उशी एका अंगाला सुटली आहे.

माप घेताना ते प्रत्येकाला विचारतात, "जेवून आलाव का जायचंय?" त्यांच्या वहीत प्रत्येक मापापुढे 'भ' किंवा 'रि' असे अक्षर असते. 'भ' म्हणजे भरल्या पोटी.

दुकानाच्या दारात उजव्या अंगाला त्यांच्या पत्नी गौराक्का बसतात. काज, बटणे, हुक आणि हातशिलाई हे त्यांचे काम. त्या मूळच्या सीमेपलीकडच्या. त्या दोघांचे आपसातले बोलणे कानडीत चालते, म्हणजे पूर्वी चालत असे. चार वर्षांपासून गौराक्कांना ऐकू येणे कमी झाले आहे. आता गिऱ्हाईक त्यांच्याशी हातवारे करून बोलते, त्या हसतात आणि पुन्हा सुईत डोळे घालतात. सोलापूरहून आणलेले श्रवणयंत्र त्यांनी बटणांच्या डब्यात ठेवून दिले आहे. त्यातून माणसांचे बोलणे कळते, पण गाणे पत्र्यावर खडे टाकल्यासारखे ऐकू येते, अशी त्यांची तक्रार.

आता मंडळाविषयी. आम्ही अकरा जण आहोत. मी चिटणीस, कारण इतिवृत्त लिहिण्याची सवय दुसऱ्या कोणाला नाही. पौषातल्या जत्रेत आमचे भजन असते आणि शेजारच्या गावांची मंडळेही येतात. तीन वर्षे आमच्याकडे एकही नवे गाणे बसले नव्हते. आमच्याकडे कोणाला नोटेशन येत नाही. नवे गाणे म्हणजे अप्पांनी ते कुठेतरी ऐकावे, चार-आठ दिवसांनी पेटीवर वाजवून दाखवावे आणि आम्ही त्यांच्या मागे जावे, ही पद्धत. पूर्वी वर्षाला चार-पाच गाणी सहज होत. मग ती थांबली. जत्रेत पुढच्या रांगेतला एक म्हातारा मोठ्याने म्हणाला, "हे तर मागच्या साली जेवण करून ऐकलं होतं, औंदा उपाशीपोटी ऐकतोय, एवढाच फरक."

यावर दत्ताने उपाय सुचवला. दत्ता आमचा टाळकरी. त्याचे मोबाइल दुरुस्तीचे दुकान आहे. तो म्हणाला की बाजारात हल्ली प्रत्येक गाण्याचा तयार ट्रॅक मिळतो. पेटी, तबला, बासरी, सगळे त्यात असते. स्पीकर लावायचा आणि वरून म्हणायचे.

"मंग पेटी?" कोणीतरी विचारले.

"पेटी ठिवायची की अप्पाच्या म्होरं. शोभा दिसती. हवा नुसती मारायची."

पेटीच्या खोळीचा एक सुटलेला धागा अप्पांनी दातांनी तोडला. त्या बैठकीत ठराव झाला आणि तो मीच लिहिला: जत्रेपूर्वी अप्पांनी चार नवी गाणी पेटीवर बसवावीत, न बसल्यास मंडळाने ट्रॅक वापरावा. ठरावाच्या भाषेत काही दोष नव्हता. परंतु घरी परतताना माझ्या लक्षात आले की, एका माणसाला पस्तीस वर्षांच्या जागेवरून उठवायचे की नाही, हे मी दोन ओळींत लिहून टाकले आहे. म्हणून दुसऱ्या दिवशी मी लॅपटॉप घेऊन अप्पांच्या दुकानी गेलो.

अशा सॉफ्टवेअरची कामे मुख्यतः चार असतात, ती आधी समजून घ्यावीत. एक तर ते गाण्याचा वेग कमी करते, पण सूर तसाच ठेवते. जुन्या टेपरेकॉर्डरचा वेग कमी झाला की गायकाचा आवाजही घोगरा होत असे. येथे तसे होत नाही. दुसरे असे की, गाण्यातला हवा तेवढाच तुकडा ते पुन्हा पुन्हा वाजवते. तिसरे काम याच्या उलट आहे: वेग तसाच ठेवून सूर वरखाली नेणे. पेटीवर काळ्यापांढऱ्या मिळून एका पट्टीवरून शेजारच्या पट्टीवर जावे, तशी एकेक पायरी ते चढते-उतरते. चौथे काम नव्या सॉफ्टवेअरांत आढळते. ते गाण्यातून गाणाऱ्याचा आवाज आणि वाद्ये वेगवेगळी काढून दाखवते.

मी शंभर गुणांचा तक्ता आखला. वेगाला तीस, तुकड्याला तीस, सुराला दहा, वेगळे काढण्याला वीस, वापरण्याच्या सुलभतेला दहा. सुराला दहाच, कारण पेटीवाल्याला कोणत्याही पट्टीत वाजवता येते. गाणे वरखाली नेण्याची त्याला गरज ती काय? मी तक्ता अप्पांना वाचून दाखवला. त्यांनी तो ऐकून घेतला आणि आपल्या अटी सांगितल्या.

"थांब म्हणलं की थांबलं पायजे. चुकलं तिथनं न्हाई, जरा अलीकडनं उचललं पायजे. शब्द नसलं तरी चालंल. आन् खाली जायला पायजे."

"खाली म्हणजे किती?"

"लई खाली."

"कशासाठी?"

"ट्रायल तर घेऊ," अप्पा म्हणाले.

'शब्द नसले तरी चालेल' या अटीला किती गुण द्यावेत हे मला ठरवता आले नाही. मी तो रकाना मोकळा ठेवला.

पहिले सॉफ्टवेअर दत्ताने आणले. ते मोबाइलवरचे होते. वेग निम्म्यावर आणला की गायक पाण्याच्या टाकीत उतरून गातो आहे असे वाटे. अप्पा दहा सेकंद ऐकून म्हणाले, "खांदा उतारलाय ह्याचा. बाही कोपरापस्तोर आली." दुसरेही दत्तानेच सुचवले. ते इंटरनेटवर चालणारे होते आणि गाण्यातून टाळ, पखवाज, पेटी, आवाज अगदी सफाईने वेगळे काढी. दत्ता खूश होता.

"बगा अप्पा, नुसता आवाज! टाळ न्हाई, काय न्हाई."

"तू टाळच वाजवतूस न्हवं मंडळात?"

"व्हय."

"मंग सोताला काढून टाकल्याचं एवढं काय कवतिक?"

तेवढ्यात वीज गेली, इंटरनेट गेले आणि गायकही गेला. अप्पांनी वहीत त्या सॉफ्टवेअरपुढे 'पाव्हणा' असे लिहिले.

तिसरे सॉफ्टवेअर मी स्वतः शोधले होते आणि ते उत्तम होते. वेग कमी केला तरी सूर स्वच्छ, तुकडा पक्का, खुणा रंगीत. माझ्या तक्त्यात त्याला एकोणनव्वद गुण पडले. सूर मात्र ते वर-खाली दोनच पायऱ्या नेत असे. अप्पांनी त्याला खाली नेऊन पाहिले, दोन पायऱ्यांवर ते अडले, तेव्हा त्यांनी नाराजीने जीभ टाळूला लावून आवाज काढला. "हितंच शिवान संपली. आत कापडच सोडलं न्हाई ह्यानं."

मी ते मान्य केले नाही. एकोणनव्वद गुण मिळालेल्या विद्यार्थ्याला मी कधी नापास केलेला नाही. मी हट्टाने त्याच सॉफ्टवेअरवर पहिले गाणे बसवायला घेतले. माझी योजना शास्त्रशुद्ध होती: आरंभी साठ टक्के वेग, मग दर दोन दिवसांनी पाच टक्के वाढ. मंडळाने रोज संध्याकाळी देवळाच्या ओट्यावर सराव करायचा.

त्याच आठवड्यात मला भूमला जावे लागले. बहिणीच्या नातवाचे लग्न होते. जाताना मी लॅपटॉपवर एक कागद चिकटवला: 'चिटणिसांच्या सूचनेशिवाय कोणत्याही आकड्यात बदल करू नये.' मी परत आलो नवव्या दिवशी. मंडळाने कशातही बदल केला नव्हता. नऊ दिवस दहा माणसे ते गाणे साठ टक्के वेगाने ऐकत होती आणि साठ टक्के वेगानेच म्हणत होती, आणि आता ते त्यांच्या अंगात भिनले होते. सोमवारच्या भजनात त्यांनी ते तसेच लावले. प्रत्येक अक्षर ओढत, टाळ एकदा वाजला की दुसऱ्यांदा वाजेल की नाही अशी शंका येईपर्यंत थांबत, अत्यंत गंभीर चेहऱ्यांनी त्यांनी मुखडा संपवला. अंतऱ्याच्या मध्यावर खालच्या गल्लीतले बाबूराव खांद्यावर टॉवेल टाकून, चपला हातात घेऊन ओट्यापाशी आले. क्षणभर मान खाली घालून उभे राहिले. मग हलक्या आवाजात मला विचारले, "कोण गेलं सर?"

"कोणी नाही. नवे गाणे आहे."

"आसं व्हय," बाबूराव म्हणाले. "म्या तिकडं पावण्यांना फोन बी केला."

गाण्याचा वेग वाढवायचा प्रयत्न केला तेव्हा अप्पांची बोटे अडखळू लागली. जत्रेला सव्वा महिना उरला होता आणि एक गाणेसुद्धा धड झालेले नव्हते. दत्ताने कोणाला न सांगता दोन ट्रॅक आणून ठेवल्याचे माझ्या कानावर आले. मी अप्पांना तसे सांगितले. "आणू द्या," ते म्हणाले. "आणखी एक दावा सर. खाली जाणारं."

चौथे सॉफ्टवेअर मला एका जुन्या यादीच्या तळाशी सापडले. दिसायला इतके कुरूप सॉफ्टवेअर मी पाहिले नव्हते: करड्या चौकोनात मुंग्यांएवढी इंग्रजी अक्षरे. वेग कमी केला की आवाजात किंचित खरखर येई. रंगीत खुणा नव्हत्या. माझ्या तक्त्यात त्याला एकेचाळीस गुण मिळाले, तेही उदारपणे. परंतु ते सूर पूर्ण बारा पायऱ्या खाली नेत असे, वेगाला हात न लावता. आणि तुकडा पुन्हा वाजवताना तो नेमका खुणेपासून सुरू न करता दोन क्षण अलीकडून उचलण्याची सोय त्यात होती. अप्पांनी बाईच्या आवाजातले एक भजन लावले आणि एकेक पायरी खाली नेत गेले. नवव्या पायरीला ती बाई पुरुष झाली होती, आणि तो पुरुषही गळ्याने बसलेला होता. पत्र्याच्या छताखाली बैल हंबरावा तसा आवाज दुकानात भरून राहिला.

"फिटिंग," अप्पा म्हणाले. त्यांच्या तोंडून हा शब्द मी त्याआधी फक्त नवरदेवाच्या कोटाविषयी ऐकला होता.

"अप्पा, हे सर्वांत कमी गुणांचे आहे."

"आसंल की. तुमचा तक्ता ट्रायलला आला न्हवता."

मी लॅपटॉप त्यांच्यापाशी ठेवून आलो. मला राग आला होता, हे नमूद केले पाहिजे.

पुढच्या पंधरवड्यात अप्पांनी पेटीवर दोन गाणी बसवून दाखवली. पूर्ण वेगात, अगदी सफाईने. मंडळ चकित झाले. मी अधिक चकित झालो, कारण एकेचाळीस गुणांचे सॉफ्टवेअर असे परिणाम देऊ शकत नाही. माझ्या तक्त्यात कोठेतरी चूक होती आणि ती शोधल्याशिवाय मला चैन पडेना. एका दुपारी सदऱ्याची बाही आखूड करण्याचे निमित्त करून मी दुकानात गेलो.

दुकानात मशीन बंद होते. गौराक्का नेहमीच्या जागी बसल्या होत्या, परंतु हातात सुई नव्हती. त्यांच्या डोक्यावर पदर, आणि पदरावरून कानांवर मोठा हेडफोन. त्याच्या दोन्ही गाद्यांना खणाच्या कापडाची खोळ शिवलेली होती. लॅपटॉप शेजारच्या स्टुलावर होता. कापड कापण्याच्या फळीवर पेटी ठेवून अप्पा तिच्यामागे बसले होते.

"या सर," ते म्हणाले. "ट्रायल चाललीया."

गौराक्कांनी हात वर केला. अप्पांनी लॅपटॉपवरची कळ दाबून गाणे थांबवले. मग गौराक्का गुणगुणू लागल्या. शब्द नव्हते. ते हंबरणारे गाणे त्यांनी उचलून आपल्या गळ्याच्या पट्टीत आणून ठेवले होते, आणि त्या ते एवढ्या सावकाश म्हणत होत्या की प्रत्येक सूर बोट ठेवून दाखवता यावा. अप्पांची बोटे त्यांच्या मागोमाग पेटीवर चालली. एका वळणावर ती चुकली.

"इन्नोंद सल," अप्पा म्हणाले, म्हणजे आणखी एकदा, आणि त्यांनी एक बोट वर केले. शब्द गौराक्कांना ऐकू आले नसावेत, बोट दिसले. त्यांनी पुन्हा सुरुवात केली. चूक झाली तेथून नव्हे, जरा अलीकडून.

मी बाहीचा सदरा मांडीवर घेऊन बसून राहिलो.

सात वेळा ते वळण झाले. आठव्यांदा बोटे बरोबर पडली, तेव्हा गौराक्कांनी हेडफोन काढला, मला पाहून पदर सारखा केला आणि चहा ठेवायला आत गेल्या. जाताना त्या तीच ओळ, आता पूर्ण वेगात, स्वतःशीच म्हणत होत्या.

"अप्पा," मी म्हणालो, "गाणे तुम्ही बसवता अशी माझी समजूत होती."

"म्या कसला? मला हात हायती सर. कान तिचा हाय. पयल्यापासनं." ते पेटीचा भाता बंद करू लागले. "रेडिओवर गाणं लागायचं, म्या मशीनवर, ही काज करत बसायची. येकदा ऐकलं की हिच्याजवळ सगळं उतारलेलं. मंग मला चार रोज म्हणून दावायची. म्या शंभर टायमाला चुकलो तर शंभर टायमाला म्हणायची. मंडळात आजवर जेवढी गाणी झाली, ती आशीच."

"मंडळात कधी सांगितले नाही."

"सांगितलं असतं तर समद्यांनी म्हणलं असतं, या, म्होरं बसा. तिला लोकांत गायचं न्हाई. तिला काज करताना गायचं असतंय."

मी विचारले, मग या तीन वर्षांत?

अप्पांनी गळ्यातली टेप काढली आणि ती बोटाभोवती गुंडाळू लागले. "आधी कुकरची शिट्टी गेली. मंग पाखरं. मंग गाणं गेलं. रेडिओ लावला तर म्हणायची, बंद करा, नुसतं खुळखुळ वाजतंय. गाणं न्हाई तर गुणगुणणं बी न्हाई. मंडळाचं ऱ्हाऊ द्या सर. पेटी गेली तरी दुकान हाय. पन मशीन थांबवलं की दुकानात कायच ऐकू येत न्हाई, त्येला काय करावं?"

टेप पूर्ण गुंडाळून झाली होती. त्यांनी ती सोडली आणि पुन्हा गुंडाळायला घेतली.

"खाली न्यायचे कसे सुचले?" मी विचारले. हा प्रश्न मी विषयांतर म्हणून केला, असे नाही. मला ते खरोखर जाणून घ्यायचे होते.

"हायवेचा ट्रक तिला कळतोय. तुमचा जाडा आवाज बी कळतोय. दत्ता बोलला तर नुसतं तोंड हालताना दिसतंय. म्हणलं, जाडं तेवढं उरलंय, बारीक गेलंय. मंग गाणं ट्रकायेवढं खाली न्यावं, बघू कळतंय का. तुमी लॅपटॉप आणल्यावर ट्रायल घेत होतो. दोन पायऱ्यांनी काय झालं न्हाई. तुमचं एकोणनव्वदवालं तितंच नापास झालं. हे नवव्या पायरीला गेलं त्या रोजी हिनं काज सोडून वर बगितलं."

मी त्या दिवशी तेथेच होतो. मी पडद्याकडे पाहत होतो.

घरी येऊन मी तक्ता पुन्हा काढला. बेरीज बरोबर होती. चूक बेरजेच्या आधीची होती: सगळे गुण अप्पांच्या कानासाठी दिलेले होते आणि तो कान त्या कामात नव्हताच. 'शब्द नसले तरी चालेल' या मोकळ्या रकान्यात 'गुणगुणणाऱ्याला सूर पुरतात' असे लिहून मी तक्ता फाईलला लावला.

जत्रेत चारही गाणी झाली. ट्रॅक दत्ताच्या खिशातच राहिले. गौराक्का बायकांच्या दुसऱ्या रांगेत बसल्या होत्या. तेथे त्यांना फारसे काही ऐकू येत नसणार. टाळांची तर केवळ चमक दिसत असेल. परंतु त्यांची नजर अप्पांच्या बोटांवर होती. तिसऱ्या गाण्यात एके ठिकाणी अप्पांचे बोट शेजारच्या पट्टीवर पडले. आमच्यापैकी कोणाच्या ते लक्षात आले नाही. गौराक्कांनी मान किंचित आडवी हलवली. पुढच्या फेरीला ते बोट जागेवर पडले.

भजन संपल्यावर दत्ता अप्पांच्या पाया पडला. "अप्पा, कान परत आला की तुमचा!"

"तुझ्या सदऱ्याचं तिसरं बटण लोंबतंय," अप्पा म्हणाले. "उद्या दुकानात ये."

हे सारे लिहिण्यापूर्वी मी गौराक्कांची परवानगी घेतली. प्रश्न पाटीवर लिहून त्यांच्यापुढे धरला. त्यांनी तो दोनदा वाचला आणि म्हणाल्या, "लिवा. पन चौथ्या गान्याचा दुसरा अंतरा ह्यांचा अजून कच्चा हाय. तेबी लिवा." ते येथे लिहिले आहे.

आता आरंभीच्या प्रश्नाचे उत्तर. सॉफ्टवेअरचे नाव मी देत नाही, कारण अशी नावे वर्षभरात बदलतात. ऐकणाऱ्याचा कान तरुण असेल, तर वेग कमी केल्यावर सूर स्वच्छ राहतो की नाही, हे पाहून निवड करावी. कान वयस्क असेल, तर वेग न बदलता सूर किती खाली जातो, हे आधी पाहावे. मात्र माझी तपासणी एकाच कानावर झालेली आहे, आणि एका उदाहरणावरून नियम काढू नये, हे मी वर्गात अडतीस वर्षे सांगत आलो. म्हणून विनंती एवढीच की, आपल्या घरात कोणाला गाणे ऐकू येईनासे झाले असेल, तर त्यांच्या ओळखीचे एखादे गाणे घ्यावे, आवाज बेताचा ठेवावा, एकेक पायरी खाली यावे, आणि त्या वेळी पडद्याकडे न पाहता त्यांच्याकडे पाहावे. कोणत्या पायरीला ते मान वर करतात, किंवा करतच नाहीत, हे माझ्या शब्दावर न जाता आपण स्वतः तपासून पाहावे.